आठ जणांचा ग्रुप, पण जॅकेट एकच! टोकियोची व्हिंटेज ट्रिप कशी आखायची?

किल्ला आठ जणांनी एकत्र पाहिला म्हणून कुणाच्या वाट्याला कमी येत नाही. जुन्या लेदर जॅकेटचं तसं नसतं. दुकानात ते एकच असतं, एकाच मापाचं असतं आणि एकाने घेतलं की विषय संपला. त्यामुळे व्हिंटेज कपड्यांच्या शौकिनांचा ग्रुप निघतो तेव्हा विमानाचं तिकीट आणि हॉटेल हा सोपा भाग असतो. खरी कसरत एकाच हँगरवर दोन हात पडू नयेत याची असते.

अशा ट्रिपसाठी लंडन, लॉस एंजेलिस असे पर्याय आहेत, पण सध्या या मंडळींच्या तोंडी पहिलं नाव असतं टोकियोचं.

अमेरिकन जॅकेट शोधायला जपानला का जायचं?

याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये आहे. १९४५ ते १९५२ या काळात जपान दोस्त राष्ट्रांच्या, म्हणजे प्रामुख्याने अमेरिकेच्या ताब्यात होता. सैनिकांचे कपडे, बूट, जॅकेटं काळ्या बाजारात येऊ लागली. टोकियोतल्या उएनो स्टेशनजवळचा आमेयोको बाजार त्यातूनच वाढला. 'आमे' म्हणजे गोळ्या-चॉकलेट. हे नाव त्यावरून आलं असं काही जण सांगतात, काही जण 'अमेरिका'वरून आलं असं म्हणतात. लष्करी कपड्यांची दुकानं तिथे आजही आहेत.

पुढच्या पिढ्यांनी हा शौक अभ्यासासारखा मनावर घेतला. जुनी जॅकेटं उसवून शिवण, धागा, चेन तपासली आणि तशीच नवी बनवायला सुरुवात केली. 'द रिअल मॅकॉइज', 'बझ रिक्सन्स' हे ब्रँड त्यातलेच. विल्यम गिब्सन यांच्या २००३ च्या कादंबरीची नायिका 'बझ रिक्सन्स'चं काळं एमए-वन जॅकेट घालते. गंमत म्हणजे तेव्हा कंपनी काळ्या रंगात ते बनवतच नव्हती. कादंबरीनंतर बनवायला लागली! हा सगळा प्रवास डब्ल्यू. डेव्हिड मार्क्स यांच्या 'अमेटोरा' (२०१५) या पुस्तकात सविस्तर आहे. ट्रिपआधी ग्रुपमधल्या एकाने तरी ते वाचावं.

आधी मापं, मग तिकिटं

व्हॉट्सअॅप ग्रुप झाला की पहिला मेसेज बजेटचा नको, मापांचा हवा. प्रत्येकाने आपल्याला नीट बसणारं एक जॅकेट सपाट टेबलावर पसरून चार मापं सेंटिमीटरमध्ये लिहायची: खांदा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी, बाही आणि मागची लांबी. जपानमधल्या अनेक दुकानांत टॅगवर हीच मापं असतात. जुन्या लेबलवरच्या ४० किंवा ४२ या आकड्यावर मात्र जाऊ नये. जुन्या फिटिंगची जॅकेटं आखूड आणि अंगासरशी असायची. शिवाय लेदर वापरून थोडं सैल होतं, पण बाही काही वाढत नाही.

मापांचा तक्ता तयार झाला की ग्रुपचे भाग पाडायचे. इथे बहुतेक जण चुकतात, कारण जे जिगरी दोस्त ते एका टीममध्ये जातात. विभागणी मापावरून व्हायला हवी. सारख्या मापाच्या दोघांना वेगवेगळ्या टीममध्ये, शक्य असेल तर त्या दिवशी वेगवेगळ्या भागात पाठवावं. वेगळ्या मापाचे लोक एकत्र फिरले की ते एकमेकांचे स्पर्धक राहत नाहीत, एकमेकांसाठी शोधायला लागतात. टीम तीन-चार जणांचीच बरी. यातली बरीच दुकानं आपल्याकडच्या वन रूम किचनच्या हॉलएवढी असतात. आठ जण पाठीवर सॅक घेऊन आत शिरले तर दुकानदाराला उभं राहायला जागा उरणार नाही.

तरीही एका जॅकेटवर दोघांचा जीव जडलाच तर काय? नियम मुंबईतच ठरवून घ्यावा, शिंजुकूच्या फुटपाथवर नाही. 'आधी हात ज्याचा, त्याचं' हा नियम सोपा वाटतो, पण त्याने दुकानात धावाधाव होते. 'ज्याला जास्त नीट बसतं त्याचं, आणि फैसला तिसरा करणार' हा जास्त टिकतो. किमतीची मर्यादाही प्रत्येकाने स्वतःपुरती आधीच लिहून ठेवावी, कारण सोबत टाळ्या वाजवणारे असले की खिसा लवकर मोकळा होतो.

कुठे राहायचं, कुठे फिरायचं?

मुक्कामाला शिंजुकू सोयीचं. तिथून कोएन्जी, शिमोकिताझावा आणि हाराजुकू या तिन्ही ठिकाणी थेट ट्रेन आहे.

सगळ्यात जास्त वेळ कोएन्जीला द्यावा. गल्ल्यांमध्ये छोटी छोटी दुकानं आहेत, मालक स्वतः बसलेले असतात आणि गर्दी तुलनेने कमी. एक अख्खा दिवस, तोही सोमवार ते शुक्रवारमधला. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी चुओ लाइनच्या रॅपिड गाड्या कोएन्जीला थांबत नाहीत. म्हणजे आपल्याकडच्या फास्ट आणि स्लो लोकलचाच हिशेब! चुकीची गाडी पकडली की कोएन्जी खिडकीतून बघावं लागतं.

शिमोकिताझावा तरुणांचं. टी-शर्ट, स्वेटर, साधी जॅकेटं असा रोजच्या वापरातला माल तिथे भरपूर. ज्यांचं बजेट कमी आहे त्यांना इथे सोडावं. हाराजुकू याच्या उलट: निवडक माल, चढे भाव. 'बेरबेरजिन' हे जुन्या लिव्हाइजसाठी नावाजलेलं दुकान तिथलंच. घ्यायचं नसलं तरी अस्सल जुना माल कसा दिसतो हे कळण्यासाठी तिथे पहिल्याच दिवशी जावं, डोळा तयार होतो.

ग्रुपमध्ये डेनिमवेडे असतील तर ओकायामाजवळच्या कोजिमाला दोन दिवस काढावेत. १९६५ मध्ये जपानमधली पहिली जीन्स शिवली गेली ती इथे. फक्त लेदरसाठी येणाऱ्यांनी मात्र तो खर्च टाळलेला चांगला.

दुकानं साधारण अकरा-बाराला उघडतात, आठवड्यातली सुट्टी प्रत्येकाची वेगळी. सकाळी सहाला उठून बसायचं कारण नाही. शेवटचा एक दिवस मोकळा ठेवावा, 'ते तपकिरी जॅकेट घ्यायलाच हवं होतं' असं म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये निघतो. काही दुकानं थोडा वेळ वस्तू राखून ठेवतात, विचारायला हरकत नाही.

ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर मध्य हा काळ उत्तम. जून-जुलैत तिथेही पाऊस आणि उकाडा असतो, घामाने चिकटलेल्या अंगावर लेदर चढवून बघण्यात मजा नाही. १५-१६ डिसेंबरला सेतागायाचा बोरोइची हा चारशेहून जास्त वर्षं जुना बाजार भरतो. ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी मात्र अनेक शटर बंद.

दुकानात काय बघायचं?

जॅकेट अंगात घालण्यापूर्वी विचारावं. 'शिचाकु शिते मो इई देसु का?' एवढं पाठ केलं तरी चेहरे खुलतात. फोटोआधीही परवानगी घ्यावी. फॅशन स्ट्रीटसारखी घासाघीस इथे चालत नाही.

मग काख, कॉलर आणि मनगटाची कड बघायची. लेदर हलकंच वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर ते सुकलंय, आणि तेल लावून भेगा भरत नाहीत. हाताला लालसर भुकटी लागली तर ठेवून द्यावं. वास घ्यावा, कुबट वास सहजासहजी जात नाही.

वय ओळखायला चेन आणि लेबल मदत करतात. अमेरिकी वायुदलाचं ए-टू हे जॅकेट १९३१ चं. दुसऱ्या महायुद्धातलं अस्सल ए-टू म्हणून दाखवलेल्या जॅकेटला वायकेकेची चेन असेल, तर एकतर चेन बदललीय किंवा जॅकेट नंतरचं आहे. धुण्याच्या सूचनांचं कायमचं लेबल अमेरिकेत १९७२ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे 'पन्नाशीच्या दशकातल्या' कपड्यावर ते दिसलं तर शंका घ्यावी. नव्याने बनवलेली हुबेहूब आवृत्ती म्हणजे फसवणूक नव्हे, तिच्यावर तिचं स्वतःचं लेबल असतं. लेबल बदलून जुन्याच्या भावात विकली, तर ती फसवणूक.

बिल, बॅग आणि परतीचा प्रवास

जपानमध्ये १० टक्के उपभोग कर आहे. करमुक्त विक्रीची सोय असलेल्या दुकानात एकाच दिवशी ५,००० येन किंवा त्याहून जास्त खरेदी केली तर पर्यटकाला तो वाचवता येतो. त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ हवा, झेरॉक्स चालत नाही. आठ जणांची बिलं एकाच्या नावावर टाकण्याची शक्कल लढवू नये, ज्याची खरेदी त्याचाच पासपोर्ट. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलणार आहे: दुकानात कर भरायचा आणि देश सोडताना माल दाखवून परत मिळवायचा. म्हणजे तेव्हापासून विमानतळावर आठ जणांसाठी जास्तीचा वेळ धरावा लागेल. भारतात उतरताना कस्टमची मर्यादाही प्रत्येकाची वेगळी मोजली जाते. ती निघण्यापूर्वी तपासावी आणि बिलं सांभाळून ठेवावीत. साप-मगरीच्या कातड्याच्या वस्तूंपासून लांब राहावं, त्यांना वन्यजीव कायदे लागू होतात.

घोड्याच्या जाड कातडीचं जॅकेट दोन-अडीच किलोंचं असू शकतं. सगळ्यात जड जॅकेट अंगावर घालून विमानात बसावं, बाकीची घडीत टी-शर्ट भरून ठेवावीत. हवा काढून टाकणाऱ्या व्हॅक्यूम पिशव्यांमध्ये लेदर कोंबू नये, सुरकुत्या कायमच्या बसतात.

आणि मुंबई, कोकणात राहणाऱ्यांनी घरी आल्यावर ते प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये अडकवू नये. जुलैपर्यंत त्यावर बुरशी धरते. रुंद खांद्याचा हँगर, वर जुनं सुती पांघरूण, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पंख्याखाली काढून ठेवायचं.