गाविलगडाची लांबची वाट

आज बोलायचंय ते लढाईतल्या इंजिनियराबद्दल. आपल्याकडे 1803 म्हटलं की अडगाव आठवतं, तेल्हाऱ्याकडचं. 29 नोव्हेंबरला तिथे नागपूरकर भोसल्यांची फौज वेल्स्लीपुढे हरली, आणि निसटलेलं बरंचसं पायदळ गाविलगडावर गेलं. किल्लेदार होता बेनीसिंग. आता गड घ्यायचा कसा? हा प्रश्न तलवारबहाद्दराचा नव्हे, वाटा मोजणाऱ्याचा.

वाटा तीन. दक्षिणेकडची चढण लांब आणि उभी. तिथून माणूस चढेल, तोफ चढणार नाही. दुसरी नेहमीच्या वहिवाटीची, वायव्य दरवाज्याची. पण ती गडाला वळसा घालून जाते, अरुंद आहे, आणि वरून सगळा मारा अंगावर. तिसरी उत्तरेकडे लबाडा गावावरून. तिथे गडासमोर सपाट जमीन मिळते. अडचण एवढीच की एलिचपुराहून, म्हणजे आपल्या अचलपुराहून, लबाड्याला पोचायला सुमारे तीस मैल मेळघाटाचे डोंगर. निवडली ती तिसरी. मला यात खरी इंजिनियरची बुद्धी दिसते : जवळची वाट जवळची नसते, हे त्याला गणितानं कळतं.

कंपनीच्या फौजेत इंजिनियर अधिकारी मोजकेच. झाडं तोडणं, दरड फोडणं, खंदक खणणं हे काम मद्रासच्या पायोनियर पलटणींचं. या मोहिमेत त्यांचा कप्तान होता हाइटलंड. अशा अधिकाऱ्याचं युद्ध म्हणजे काय, तर आज तोफ कुठवर गेली? 7 ते 12 डिसेंबर स्टीव्हन्सनची फौज रस्ता करत होती आणि त्याच रस्त्यावरून तोफा ओढत होती. अठरा पौंडी लोखंडी तोफ म्हणजे जवळपास दोन टन वजन, बरं का! बैल जिथे चालेना तिथे माणसांनी हातांनी ओढली. असे कष्ट आपण पूर्वी पाहिले नव्हते, अशा अर्थाचं वेल्स्लीनं स्वतः लिहून ठेवलंय. तो माणूस कौतुकाच्या बाबतीत काही उधळ्या नव्हता.

बारा तारखेच्या रात्री लबाड्याकडे मोर्चे बांधले, तेराला सकाळी मारा सुरू. दक्षिणेकडूनही तोफा लावल्या होत्या, पण त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. चौदाच्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला भगदाडं पडली, पंधराला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला.

इथे मात्र इंजिनियरचा हिशेब संपतो. आतला तट शाबूत होता, त्याला भगदाड पाडलेलंच नव्हतं. कॅप्टन कॅम्पबेल 94व्या पलटणीची एक तुकडी घेऊन शिड्यांनी तटावर चढला आणि आतून दरवाजा उघडला. मग जे झालं ते सांगताना जीभ अडते. पळणारे शिपाई दरवाज्यांपाशी दाटले आणि तिथेच मोठ्या संख्येनं मारले गेले. बेनीसिंगही पडला. तोफेसाठी केलेल्या वाटेचं दुसरं टोक हे. वाट करणाऱ्याला ते माहीत नसतं का? मला वाटतं, असतं. पण दिवसभर चढ आणि वजन मोजत बसलं की त्याकडे बघावं लागत नाही.

दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. पण गाविलगड आणि नरनाळा? ते दोन्ही त्याच तहानं भोसल्यांकडेच ठेवले.