गंजिफेचीं पानें व तीं रचणारा चितारी

(१) जुनीं दप्तरें व पोथ्या यांबरोबर गंजिफेचीं पानेंही संग्राहकांच्या हातीं येतात. पुष्कळदां तीं सुटीं असतात. आणि त्यांतही राजा व प्रधान यांचीं चित्रयुक्त पानें तेवढीं वेंचून चौकटींत बसविलेलीं दिसतात. एकापासून दहापर्यंतचीं अंकांचीं पानें क्षुल्लक समजून बाजूस पडतात. ही रीत चुकीची आहे, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. गंजिफेचा संच हा चित्रसंग्रह नसून खेळाचें साधन आहे. आणि तें साधन रचणाऱ्या चिताऱ्याचें नित्याचें काम काय होतें, हें समजून घेतल्यावांचून त्याचा अर्थ लागत नाहीं.

(२) बाबरानें आपल्या आत्मवृत्तांत इ. स. १५२७ च्या हकीकतींत, सिंधच्या शाह हसनास त्याच्या मागणीवरून गंजिफा पाठविल्याचें नमूद केलें आहे. अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत जुन्या गंजिफेचें वर्णन दिलें आहे, तें १२ गटांचें व दर गटास १२ पानें, मिळून १४४ पानांचें. (पत्त्यांच्या भाषेंत ज्यास रंग म्हणतात त्यास, चिताऱ्याच्या रंगांशीं घोटाळा होऊं नये म्हणून, येथें गट म्हटलें आहे.) अश्वपति, गजपति, नरपति, धनपति अशीं त्या गटांचीं नांवें होतीं. पुढें अकबरानें या गटांत स्वतः केलेला फेरफारही त्यानें लिहून ठेविला आहे. म्हणजे नवा खेळ योजणें हें त्या काळीं बादशहासही कमीपणाचें वाटत नव्हतें.

मोंगली गंजिफेचा जो प्रकार पुढें सर्वत्र रूढ झाला तो आठ गटांचा, ९६ पानांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश हे ते आठ गट. यांतील ‘बरात’ शब्द आपल्या दप्तरांतील ‘वरात’ या शब्दाशीं ताडून पाहावा. दोहोंचा अर्थ पैसे देण्याचा लेखी हुकूम. रुप्याचें नाणें, सोन्याचें नाणें, लेखी हुकूम व माल अशीं सरकारच्या कारभाराचीं अंगेंच या खेळांत पानांवर उतरलीं आहेत.

(३) याच सांचांत विष्णूचे दहा अवतार बसवून दशावतारी गंजिफा झाली. गट दहा, दर गटास एक राजा, एक प्रधान व दहा अंकपानें. एकूण १२० पानें. मत्स्यास मासा, कूर्मास कासव, वराहास शंख, नरसिंहास चक्र, वामनास कमंडलु, परशुरामास परशु, कृष्णास गाय, बुद्धास कमळ, कल्कीस तलवार अशीं चिन्हें सामान्यतः आढळतात. रामास कोठें बाण तर कोठें माकड असतें. प्रांतपरत्वें चिन्हांत असा फरक पडतो, व सुट्या पानाचें मूळ ठिकाण ठरविण्यास तो उपयोगी पडतो. मात्र त्यासाठीं अंकपानें हातीं असलीं पाहिजेत.

आतां साधा हिशेब करावा. एका गटांतील अंकपानांवर एकापासून दहापर्यंत मिळून ५५ चिन्हें काढावीं लागतात. दहा गटांचीं ५५० झालीं. उलट राजे व प्रधान मिळून चित्रपानें अवघीं २०. तेव्हां एक संच पुरा करतांना चिताऱ्याची लेखणी साडेपांचशें वेळां मासे, कासवें, चक्रें व परशु यांवरून फिरत असे. संग्राहक ज्या वीस पानांस मोल देतो, तीं त्याच्या कामाचा एक भाग होत. खेळ चालतो तो बाकीच्या शंभरांवर.

(४) महाराष्ट्रांत या कामाचें प्रसिद्ध ठाणें सावंतवाडी. तेथील चितारआळींत लांकडी खेळणीं, पाट व लाखेचें काम करणारे कारागीर वस्ती करून होते. गंजिफा हा त्यांच्याच धंद्याचा भाग. जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटवून वाळवीत. त्यावर पांढरा लेप देऊन गुळगुळीत दगडानें घोंटीत. मग वाटोळीं पानें कापून जमिनीचा रंग, चिन्हें, चित्रें व शेवटीं लाखेचा हात असा क्रम असे. संच ठेवण्यास रंगविलेली लांकडी पेटी असे. कांठावर नक्षीची पट्टी असलेल्या उंची कामास दरबार कलम व पट्टी नसलेल्या साध्या कामास बाजार कलम म्हणत. दोहोंत कारागिरीचा फरक असला तरी खेळाच्या दृष्टीनें दोन्ही संच सारखेच.

(५) हें सारखेपण कशांत आहे, हाच खरा प्रश्न. हा खेळ तिघांचा. म्हणजे दशावतारींत प्रत्येकाच्या वांट्यास ४० पानें येतात. इतकीं पानें हातांत धरावयाचीं म्हणजे एकावर एक सरकवून धरावीं लागतात व प्रत्येकाची कडा तेवढी दिसते. म्हणून प्रत्येक गटाची जमीन वेगळ्या रंगाची पाहिजे. कडेवरून गट ओळखतां आला पाहिजे. पान वाटोळें असल्यामुळें त्यास वर व खालीं नाहीं. तेव्हां चिन्हांची मांडणी अशी पाहिजे कीं पान कसेंही फिरलें तरी सात कीं आठ हें एका नजरेंत कळावें. राजा कोण व प्रधान कोण हें परिवार, आसन किंवा वाहन यांवरून चटकन ओळखूं आलें पाहिजे. पाठी मात्र सर्व पानांच्या अगदीं एकसारख्या हव्यात. एखाद्या पाठीवर डाग राहिला तर तें पान समोरच्यास ओळखूं येतें व सगळा संच निकामी होतो.

नियमही याच मांडणीशीं बांधलेले आहेत. अर्ध्या गटांत प्रधानाखालीं दहा हा अंक श्रेष्ठ व एक कनिष्ठ; उरलेल्या अर्ध्यांत एक श्रेष्ठ व दहा कनिष्ठ. दिवसा खेळल्यास रामाचा राजा ज्याच्या हातीं तो पहिल्यानें उतरतो, रात्रीं कृष्णाचा. पत्त्यांतल्यासारखा सर्वांवर चालणारा हुकुमाचा गट यांत नाहीं. कोणतीं पानें पडलीं व कोणतीं राहिलीं याची आठवण ठेवणाराच जिंकतो. अशा खेळांत एक चिन्ह संदिग्ध निघालें तर डावच मोडतो. चिताऱ्याचें कौशल्य नावीन्यापेक्षां या निःसंदिग्धपणांत होतें. तो नियम लिहीत नव्हता. पण नियम ज्यावर उभे आहेत तें सर्व त्याच्या हातून होत होतें.

(६) याच्या उलट उदाहरण म्हैसूरचें. मुम्मडि कृष्णराज वडेयर (१७९४-१८६८) यांचा राज्यकारभार १८३१ मध्यें इंग्रजांनीं आपल्या हातीं घेतल्यावर त्यांचा बराच काळ ग्रंथरचना, चित्रकला व खेळ यांत गेला. बुद्धिबळाच्या पटावर घोडा चौसष्ट घरांतून फिरविण्याचे अनेक प्रकार त्यांनीं बसविले. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधि’ ग्रंथाच्या कौतुकनिधि भागांत गंजिफेचे १३ प्रकार सांगितले आहेत. त्यांस ‘छद’ म्हणत. पानांची संख्या ३६ पासून ३६० पर्यंत. चामुंडेश्वरी छदांत १६ गट व ३२० पानें. म्हणजे दर गटास २०. बुद्धीचें हें काम खरोखर थक्क करणारें आहे. परंतु ३२० पानें हातांत धरणें, सोळा गट लक्षांत ठेवणें व असे संच रंगवून घेणें हें राजवाड्याबाहेर कोणास परवडणारें नव्हतें. आश्रयदाता गेल्यावर हे खेळ लोकांत रुजले नाहींत. पानेंही आज दुर्मिळ आहेत.

यावरून म्हैसूरच्या राजास उणेपणा द्यावयाचा नाहीं. किंबहुना त्यानें नियम व ध्यानें ग्रंथांत नोंदविलीं म्हणूनच त्याचे खेळ आज समजतात. सावंतवाडीच्या चिताऱ्यानें खेळ टिकविला, पण लिहिलें कांहीं नाहीं.

(७) एकोणिसाव्या शतकांत ५२ पानांचे छापील विलायती पत्ते स्वस्तांत मिळूं लागले आणि हातानें रंगविलेल्या गंजिफेची मागणी उतरली. सावंतवाडींत ही कला मोडण्याच्या बेतांत असतां श्रीमंत शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं वृद्ध कारागीर पुंडलीक चितारी यांच्यापासून ती शिकून घेतली व राजवाड्यांतच कारागीर बसवून पुन्हां चालू केली. रंग व रेषा अशा रीतीनें वांचल्या. खेळणारे मात्र विरळ झाले.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी कीं, संच हातीं आल्यास तो फोडूं नये. अपुरा असल्यास अंकपानेंही जपावीं. पेटी, पाठीचा रंग, पानाचा व्यास व गटांचा क्रम यांची टांचणें करावीं. गिरिधराचें ‘गंजीफाखेलन’, औरंगाबादच्या हरिकृष्णांनीं १८७१ मध्यें रचलेलें ‘क्रीडाकौशल्य’ यांसारखे ग्रंथ पोथ्यांच्या यादींत ‘किरकोळ’ म्हणून ढकलूं नयेत. मुंबईंत अनेक वर्षें राहिलेले रूडॉल्फ फॉन लायडन यांचा गंजिफेवरील ग्रंथ लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्यूझियमनें १९८२ मध्यें प्रसिद्ध केला. त्या धर्तीचें काम मराठींत व्हावयास पाहिजे. आणि कोणा घरीं खेळ जाणणारें वृद्ध माणूस असेल, तर पानें विकत घेण्यापूर्वीं त्याच्याबरोबर एक डाव बसून खेळावा व तो लिहून ठेवावा. पान मागून मिळेल. डाव मिळणार नाहीं.