मदरबोर्ड-बदल : फाइली व ऑपरेटिंग सिस्टीम कायम ठेवून

मदरबोर्ड-बदल : संगणकाचा मदरबोर्ड काढून दुसरा बसवणे आणि तरीही जुन्या डिस्कवरील फाइली, सॉफ्टवेअर व ऑपरेटिंग सिस्टीम जशीच्या तशी चालू करणे. बोर्ड उडाला की दुकानात नव्या बोर्डाबरोबर ‘विंडोज मारून’ देण्याचा, म्हणजे सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने बसवण्याचा प्रघात आहे. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. फाइली हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतात. बोर्डाशी मुख्यतः चार गोष्टी बांधलेल्या असतात : डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर, बूटची नोंद, कूटबद्धीकरणाची किल्ली आणि सॉफ्टवेअरचा परवाना. यांतील किल्ली व परवाना यांची तजवीज जुना बोर्ड चालू असतानाच करावी लागते.

परिसर : पुणे जिल्ह्यात भीमेच्या दोन काठांना लागून असलेले शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके आहेत. न्हावरे येथील घोडगंगा व पाटस येथील भीमा हे सहकारी साखर कारखाने, रांजणगाव आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहती, बाजार समित्या, आपले सरकार सेवा केंद्रे व डीटीपीची दुकाने अशा ठिकाणी एकाच संगणकावर वर्षानुवर्षांचे काम साठलेले असते. त्यामुळे येथे केवळ फाइली वाचवून भागत नाही. हिशेबाची प्रणाली, प्रिंटर, बायोमेट्रिक यंत्र आणि मराठी फॉन्ट यांची बसलेली घडी मोडली की हंगामात काम अडते. जुना प्रोसेसर वाया जाऊ नये म्हणून त्याच सॉकेटचा बोर्ड शोधला जातो. २०११ मध्ये आलेल्या इंटेल एच६१ चिपसेटचे बोर्ड झेब्रॉनिक्ससारख्या कंपन्यांनी पुढे बरीच वर्षे भारतात विकले ते याच गरजेपोटी. चिपसेट तोच किंवा त्याच घराण्यातला असला, तर जुनी विंडोज सहसा फारशी कुरकुर न करता चालू होते.

ड्रायव्हर आणि विंडोजची पिढी : विंडोज एक्सपी (२००१) व विंडोज ७ (२००९) या प्रणाली बूट होताना आधी नोंदवलेलाच डिस्क-नियंत्रक शोधत. तो न सापडल्यास निळा पडदा आणि ०x००००००७बी ही त्रुटी येई; फॉरमॅट मारण्याची सवय मुख्यतः तेव्हाची. विंडोज ८ (२०१२) पासून प्रणाली बूटच्या वेळी नवे हार्डवेअर ओळखून अंगभूत ड्रायव्हर लावते, म्हणून विंडोज १० व ११ बहुधा एक-दोनदा रीस्टार्ट होऊन सुरळीत चालतात. मात्र बायॉसमधील साटा नियंत्रकाची पद्धत (आयडीई, एएचसीआय किंवा रेड) जुन्या बोर्डावर होती तीच ठेवावी. ती बदलणे भागच असेल तर एकदा सेफ मोडमध्ये बूट केल्याने योग्य ड्रायव्हर लागतो. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा अंगभूत ड्रायव्हर नाही. २०१५ नंतरच्या अनेक बोर्डांवर ती डिस्क लावल्यास पडदा दिसतो, पण यूएसबी कीबोर्ड व माउस चालत नाहीत. अशा वेळी बोर्डावर जुन्या गोल पिनांचा पीएस/२ सॉकेट असणे उपयोगी पडते.

बूटची नोंद : जुन्या डिस्कची विभागणी एमबीआर पद्धतीची असेल तर नव्या बोर्डात लेगसी बूट (सीएसएम) चालू करावे लागते. ती सोय नसलेल्या बोर्डासाठी विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून मिळणारे एमबीआरटूजीपीटी हे साधन फाइली न पुसता डिस्क जीपीटी पद्धतीत बदलते. यूईएफआय पद्धतीत बूटची नोंद बोर्डाच्याच स्मृतीत असते व बोर्डाबरोबर जाते. परंतु विंडोज डिस्कच्या ईएफआय विभागात ठरावीक पर्यायी जागी बूट फाइलची प्रत ठेवत असल्याने नवा बोर्ड ती सहसा शोधून काढतो.

कूटबद्धीकरण : बिटलॉकर या विंडोजच्या कूटबद्धीकरणाची किल्ली बोर्डावरील किंवा प्रोसेसरमधील टीपीएम या सुरक्षा-घटकात जपलेली असते. बोर्ड बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती नसेल तर धडधाकट डिस्कवरील फाइलीही उघडत नाहीत. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या अनेक लॅपटॉपवर हे कुलूप वापरणाऱ्याच्या नकळत लागलेले असते. की त्या खात्यात पाहता येते. नियोजित बदलापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. बोर्ड अचानक जळाल्यास ही संधी मिळत नाही, म्हणून की कागदावर लिहून संगणकापासून वेगळी ठेवणे इष्ट.

परवाना : एक्सपीपासून विंडोजचे सक्रियण हार्डवेअरशी जोडलेले आहे आणि बोर्ड बदलणे म्हणजे यंत्र बदलणे असे धरले जाते. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना नव्या बोर्डावर नेता येतो. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना मूळ यंत्रापुरता असतो. बिघडलेल्या बोर्डाच्या जागी उत्पादकाने तसाच बोर्ड बसवल्यास नवा परवाना लागत नाही. २०१६ च्या १६०७ आवृत्तीपासून विंडोज १० चा डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो व बदलानंतर सक्रियणाच्या समस्यानिवारकातून, नियमांत बसत असल्यास, परत मिळवता येतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवानाही यंत्राशी बांधलेला असतो. जुने यंत्र चालू असताना तो सरेंडर करून नंतर पुन्हा सक्रिय करावा. टॅलीचा डेटा मात्र डिस्कवरील आपल्या फोल्डरमध्ये सुरक्षित राहतो. डाँगलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना डाँगलसोबत येतो. पण डाँगल जुन्या समांतर पोर्टाचे असल्यास नव्या बोर्डावर ते पोर्ट आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

जोडलेली उपकरणे : वजनकाट्याचा इंडिकेटर अनेकदा आरएस-२३२ सीरियल पोर्टातून संगणकाला आकडा पाठवतो. नव्या बोर्डांच्या मागच्या बाजूला हे पोर्ट क्वचितच असते. यूएसबी कन्व्हर्टर लावल्यास कॉम पोर्टचा क्रमांक बदलतो आणि काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तो नव्याने नोंदवेपर्यंत वजन दिसत नाही. बोर्डावरील नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता बदलतो, कार्यालयाने दिलेला स्थिर आयपी पुन्हा भरावा लागतो. नव्या बोर्डावरील घड्याळ मागे असल्यास सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. त्यामुळे इंटरनेट बंद आहे असा गैरसमज होतो.

कार्यपद्धती : बोर्ड का गेला हे आधी पाहावे. विजेचा दाब वाढल्याने किंवा वीजपुरवठा करणारा एसएमपीएस बिघडल्याने गेला असेल, तर तोच एसएमपीएस नवा बोर्ड व डिस्क दोन्ही घालवू शकतो. नंतर डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि क्लोनझिलासारख्या मुक्त साधनाने तिची पूर्ण प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. प्रत तपासल्यावरच नवा बोर्ड बसवावा. पहिल्या बूटला फक्त मूळ डिस्क जोडलेली ठेवावी. मग चिपसेट, नेटवर्क व ध्वनीचे ड्रायव्हर घालावेत. बूट न झाल्यास पडद्यावर येणारा फॉरमॅटचा पर्याय न निवडता बायॉसची मांडणी पुन्हा तपासावी.

लिनक्स : लिनक्सच्या कर्नलमध्ये बहुतेक नियंत्रकांचे ड्रायव्हर असतात आणि डिस्कची ओळख यूयूआयडीने ठेवली जाते, त्यामुळे बोर्ड बदलणे तुलनेने सोपे असते. नेटवर्क कार्डाचे नाव बदलणे आणि बूटची नोंद पुन्हा करावी लागणे या दोन अडचणी नेहमीच्या.

मर्यादा : साठवण बोर्डावरच डाग दिलेली असेल, तर बोर्डाबरोबर फाइलीही जातात. ईएमएमसी असलेले स्वस्त लॅपटॉप या प्रकारात मोडतात. टी२ चिपच्या किंवा २०२० पासूनच्या ॲपल प्रोसेसरच्या मॅकबुकमध्ये तर साठवणीची किल्लीही त्याच बोर्डावरील चिपमध्ये असते. बोर्डावरील रेड नियंत्रकाने जोडलेल्या डिस्का दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर वाचल्या जातीलच असे नाही. या यंत्रांत फाइली वाचवण्याचा भरवशाचा मार्ग एकच : बोर्ड चालू असताना घेतलेली बाहेरची प्रत.