सापाच्या विषातून सापडलेली वाट

१७५२च्या सुमारास नेपल्सच्या इस्पितळात डॉ. कार्लो कुर्झिओ यांच्याकडे १७ वर्षांची एक मुलगी आली. अंगाची कातडी ताठरलेली, मान आवळलेली, तोंडही नीट उघडेना. गरम दूध, वाफारे, पायातून रक्त काढणे आणि थोडा पारा, एवढेच उपाय हाताशी होते. अकरा महिन्यांत त्वचा मऊ झाली, असे कुर्झिओंनी नोंदवले. स्क्लेरोडर्माचे हे पहिले सविस्तर वर्णन मानतात. मात्र मुलगी बरी झाली म्हणूनच तिचा आजार वेगळा असावा, असे काही अभ्यासकांना वाटते आणि त्यात तथ्य आहे. कारण स्क्लेरोडर्मा इतक्या सहजी हटत नाही.

या आजारात शरीर गरजेपेक्षा कितीतरी जास्त कोलॅजन, म्हणजे तंतुमय प्रथिन, तयार करते. बोटांवरची कातडी चिमटीत येत नाही. थंडीत बोटे पांढरी, मग निळी पडतात.

१९४८मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिसोन हे स्टेरॉइड वापरले आणि जगभर आशा पसरली. स्क्लेरोडर्माच्या रुग्णांची मात्र निराशाच झाली. स्टेरॉइड दाह शमवते, पण साचलेले तंतू हटवत नाही. उलट मोठ्या मात्रेने मूत्रपिंडांचा धोका वाढतो, हेही पुढे दिसले.

मूत्रपिंडांवरचा हा घाला सर्वांत भयंकर. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आतून जाड होतात आणि रक्त कमी पोचते. मग मूत्रपिंड रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, रक्तवाहिन्या आणखी आवळतात आणि रक्तदाब भडकतो. काही आठवड्यांत माणूस जात असे.

तोडगा आला ब्राझीलमधून. १९६५मध्ये सर्जिओ फेरेरा यांनी जराराका सापाच्या विषातले काही घटक वेगळे काढले. ते अँजिओटेन्सिन तयार करणाऱ्या विकराला रोखतात, हे नंतर उमगले. त्याच धाग्यावरून स्क्विब कंपनीच्या कशमन आणि ऑन्डेटी यांनी कॅप्टोप्रिल ही गोळी घडवली. १९७९मध्ये ती स्क्लेरोडर्माच्या अशा रुग्णांना दिली आणि बिघडलेली मूत्रपिंडे सावरली. १९९०मध्ये पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी हिशेब मांडला. कॅप्टोप्रिलच्या गटातली औषधे न मिळालेल्यांपैकी वर्षभर जगले १५ टक्के, मिळालेल्यांपैकी ७६ टक्के. डायलिसिसवर गेलेल्यांपैकीही कित्येकांचे डायलिसिस काही महिन्यांनी सुटले.

कातडी मऊ करणारे खात्रीचे औषध अजून नाही. पण स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाला डॉक्टर आज घरी रक्तदाब मोजायला सांगतात आणि तो अचानक चढला, तर थेट इस्पितळ गाठायला.