शब्दांची सोयरीक

मी कॉमर्सचा पदवीधर. म्हणजे इंग्रजी मला येत नाही, पण इंग्रजीतला हिशेब येतो. नागपूर विद्यापीठाच्या बी.कॉम.ने शे-दोनशे इंग्रजी शब्दांची जी शिदोरी बांधून दिली, तिच्यावर बँकेतली वीसेक वर्षे निभावली आहेत. रिझर्व्ह, इंटरेस्ट, मायनर, पास, बॅलन्स. काउंटरच्या अलीकडचे जग एवढ्यात बसते. मात्र हे शब्द एकटे कधी येत नाहीत, कोणाला तरी सोबत घेऊन येतात, आणि सोबती बदलला की यांची चालही बदलते, हे विद्यापीठाने सांगितले नव्हते. ते चंद्रपूर-गडचिरोलीने शिकवले. त्या शिकवणीची फी मात्र मी भरली नाही, दुसऱ्यांनीच भरली. ते पुढे येईलच.

माझी पहिली नेमणूक चंद्रपूरजवळच्या कोळशाच्या एका गावात झाली. एक धिप्पाड गृहस्थ खाते उघडायला आले. मी फॉर्म भरता भरता विचारले, "व्यवसाय?"

"मायनर."

मी मान वर केली. समोर चांगल्या झुबकेदार, अर्ध्या पिकलेल्या मिशा. आमच्या शास्त्रात मायनर म्हणजे अठरा वर्षांच्या आतला जीव, त्याला सही करायला पालक लागतो. मी कर्तव्यबुद्धीने म्हणालो, "मग पालकांना आणावं लागेल."

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बाप तर वारला जी. खाणीचे मॅनेजर सायेब चालन का?"

शेजारच्या काउंटरवरचे कॅशियर इतके हसले, की त्यांना शंभराचे बंडल पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. खाणीत काम करतो तो मायनर, आणि मिशा फुटायच्या असतात तोही मायनर. इंग्रजीत त्यांचे स्पेलिंग वेगळे आहे म्हणे. पण आपली देवनागरी समतावादी, ती दोघांना एकाच पंगतीला बसवते. पुढे त्या खाणवाल्या मित्राने मला 'मायनिंग सरदार' नावाचा एक हुद्दाही सांगितला. खाणीत उतरलेल्या तुकडीच्या सुरक्षेवर देखरेख करणारा माणूस तो. अर्धा इंग्रज, अर्धा फारशी, आणि काम जमिनीच्या पोटात! भोसल्यांच्या पदरी पुष्कळ सरदार होते, पण असा एकही नव्हता.

भोसल्यांचे नाव निघालेच आहे तर थोडा इतिहास सांगून घेतो. १८५३ साली तिसरे रघुजी भोसले वारले, मागे पुत्र नाही, म्हणून इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. त्यात आमचा चांदाही गेला. (चंद्रपूर हे नाव खूप नंतरचे. जुनी माणसे अजून चांदाच म्हणतात.) राज्य गेले, त्याच वाटेने इंग्रजी शब्द आले. वरोऱ्याला १८७० नंतर कोळशाची खाण चालली आणि त्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आणला, त्याला म्हणाले 'ब्रँच लाइन'. ब्रँच म्हणजे झाडाची फांदी. जंगलात ती तोडली तर दंड, रेल्वेत ती टाकली तर विकास आणि बँकेत ती उघडली तर फीत कापायला मंत्री येतात.

पण शब्दांच्या या वऱ्हाडातला खरा मानकरी म्हणजे 'रिझर्व्ह'. याच्याइतकी सासरे कोणाच्याच वाट्याला आली नसतील.

कॉलेजात आम्हाला तो भेटला 'फंड'च्या सोबत. रिझर्व्ह फंड म्हणजे नफ्यातून अडीअडचणीसाठी बाजूला काढलेली रक्कम. आजी तांदळाच्या डब्यात पैसे लपवायची तोच प्रकार, फक्त ताळेबंदात दाखवलेला. रेल्वेत 'रिझर्व्हेशन'च्या वेषात भेटला तर जीव भांड्यात पडतो. १ एप्रिल १९३५ला सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेचे नाव काढले की आमचे मॅनेजर खुर्चीत सरळ बसतात. एकूण शहरात हा शब्द मोठा सज्जन. सुरक्षितता, सोय आणि थोडा धाक, एवढेच त्याच्या गाठीला.

तोच शब्द 'फॉरेस्ट'च्या घरात गेला आणि पार बदलला. जंगलाचा पहिला कायदा १८६५चा, दुसरा १८७८चा, आणि १९२७चा जो तिसरा, तो दुरुस्त्या होत होत अजून चालूच आहे. या कायद्यांनी 'रिझर्व्हड' आणि 'प्रोटेक्टेड' अशी जंगले वेगळी काढली. या दोहोंतला फरक मला एका निवृत्त रेंजर साहेबांनी चहा पिता पिता समजावला. प्रोटेक्टेडमध्ये जे मना केलेले नाही ते सगळे चालते. रिझर्व्हडमध्ये ज्याला परवानगी दिलेली नाही ते काहीच चालत नाही. मला हे लगेच समजले. आमच्या घरात बैठकीची खोली प्रोटेक्टेड आहे आणि स्वयंपाकघर रिझर्व्हड.

विनोद राहू द्या. पिढ्यान्पिढ्या ज्या रानातून सरपण आणले, मोहफुले वेचली, गुरे चारली, तिथे एका सकाळी माणूस गुन्हेगार ठरला तो या एका शब्दाच्या जोरावर. कोणासाठी रिझर्व्ह, हे कायद्याने वेगळे सांगितले नाही. वेचणाऱ्यांसाठी नव्हे, एवढे मात्र त्यांना लवकरच कळले. खेड्यांतली म्हातारी माणसे अजून 'रिझर' म्हणतात. शब्दाचे शेपूट तुटले, पण त्याचा दंश पाठ आहे.

गंमत पुढेच आहे. २००९च्या निवडणुकीत गडचिरोली-चिमूर हा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. हाही रिझर्व्हच. ज्या शब्दाने आजोबाला रानाबाहेर काढले, तोच शब्द नातवाला दिल्लीत आत घेऊ लागला. सरकारने मराठी करतानाही दोन्हीकडे 'राखीव'च ठेवले. राखीव वन, राखीव निधी, राखीव जागा. मराठी केल्याने भांडण मिटत नाही, ते आपल्या भाषेत होते इतकेच.

एक शब्द मात्र इंग्रजांना पेलला नाही. निस्तार. घरच्या गरजेपुरते लाकूड, बांबू, गवत, चराई घेण्याचा गावाचा रिवाज. साहेबांनी याला इंग्रजी सोयरीक पुष्कळ शोधली असेल, पण जमली नाही. इंग्रजी दप्तरातही तो 'निस्तार' म्हणूनच बसला. १९५०च्या कायद्याने जमीनदारी, मालगुजारी गेली, जमीनदारांची जंगले सरकारात आली, निस्ताराची पत्रके तयार झाली. पत्रके राहिली. निस्तार कुठे गेला ते मात्र पत्रकात नाही.

आता पुन्हा मायनरकडे येतो. जंगलखात्यात त्याची सोयरीक 'फॉरेस्ट प्रोड्यूस'शी झालेली आहे. मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस, म्हणजे गौण वनउपज. तेंदूपाने, मोहफूल, डिंक, मध, चारोळी, हिरडा, बेहडा. गौण कोणाला? सागवानाचे ओंडके मोजणाऱ्याला. बाकी आमच्या गडचिरोलीकडे उन्हाळ्यात फडीवर तेंदूपान मोजले जाते, ते सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग या हिशेबाने. म्हणजे एका बॅगेत सत्तर हजार पाने, एकेक खुडलेली, पहाटे चारला उठून, वाघ-अस्वलाच्या शेजारात. कितीतरी घरांत वर्षाचा रोख पैसा तेवढाच येतो. त्याला मायनर म्हणायला छाती लागते. माझ्या पगाराला कोणी मायनर इन्कम म्हटले तर मी युनियनकडे जाईन. (अर्थात आमच्या हिचे मत वेगळे आहे.)

आणि बांबू! १९२७च्या कायद्यात झाडाची व्याख्या देताना त्यात बांबूही घातला. वनस्पतिशास्त्रवाले कंठरवाने सांगत होते की ते गवत आहे. पण झाड म्हटले की ते इमारती लाकडाच्या पंगतीला बसते आणि सरकारचे होते, गवत म्हटले की गौण उपजात जाते. २००६च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण उपजात घातले. जुन्या कायद्यातली व्याख्या मात्र २०१७ सालीच बदलली. म्हणजे मधली दहा-अकरा वर्षे बांबू एका कायद्यात झाड आणि दुसऱ्यात गौण उपज असा उभा होता. आमच्याकडे अशा ग्राहकाचे केवायसी झाले नसते.

या भांडणातले प्रसिद्ध गाव म्हणजे धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी वर्षानुवर्षे बसून, बोलून, सर्वांच्या सहमतीने निर्णय घेत आले. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण मध्ये उभा होता आणखी एक चिमुकला शब्द. 'पास'.

पास म्हटले की मला परीक्षा आठवते, मुलीला एस.टी.चा पास, कॅशियरना चेक पास. जंगलात 'ट्रान्झिट पास' असतो. तो असल्याशिवाय बांबू गावाबाहेर नेला की ती चोरी. माल तुमचा, पण तो तुमचा आहे हे सांगणारे पुस्तक दुसऱ्याच्या कपाटात. शेवटी २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एका पुस्तकासाठी दोन मंत्री!

आता ती फी. यानंतर काही वर्षांनी माझी बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली. आतल्या एका गावची चार माणसे खाते उघडायला आली. ग्रामसभेचे खाते, तेंदूच्या पैशासाठी. मी फॉर्म काढला. ग्राहकाचा प्रकार : व्यक्ती, भागीदारी, कंपनी, ट्रस्ट, सोसायटी. ग्रामसभा कुठेच नाही. मी विचारले, "रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट?" ते नव्हते. मी परत पाठवले. आठ दिवसांनी आली, ठरावाची नक्कल घेऊन. मी पुन्हा तेच विचारले आणि परत पाठवले. एका खेपेला दोन बस आणि पुढे सहा किलोमीटर पायी, हे मला नंतर कळले. तिकडे ठेकेदाराचा चेक वटेना आणि पाने तोडलेल्या बायांची मजुरी अडकली, हेही नंतरच.

तिसऱ्या खेपेला त्यांच्यातले म्हातारबुवा टेबलाला हात टेकून म्हणाले, "सायेब, हे रजिष्टेशन देते कोन?"

"सरकार."

"सरकारनंच तं कागद देल्ला जी आमाले जंगलाचा. आनखी कोन्या सरकारचा आनू?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी कागद घेऊन मॅनेजरांकडे गेलो. त्यांनी वरच्या कार्यालयात फोन लावला, तिथून उत्तर आले की असे खाते उघडता येते, 'इतर'मध्ये टाका. 'इतर' हा रकाना फॉर्मच्या अगदी तळाशी होता. पहिल्या दिवशीही तो तिथेच होता. मी तिथवर वाचलेच नव्हते.

खाते उघडले. मी पासबुक छापून दिले, माफीही मागितली, जरा पुटपुटतच. म्हातारबुवांनी ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, "हा पास कोठपर्यंत चालते जी?"

मी सांगितले की हा तो पास नव्हे, हे नुसते पैशाचे पुस्तक आहे, कुठे न्यायची परवानगी नाही. त्यांनी मान हलवली, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले, तिला गाठ मारली आणि पाच वाजताची गाडी चुकेल म्हणून निघाले. जाता जाता सोबतच्या पोराला गोंडीत काहीतरी म्हणाले. ते सगळे हसले. मी काय म्हणाले ते विचारले नाही.