डी क्वेरवेन विकार

डी क्वेरवेन विकार हा मनगटाच्या अंगठ्याकडील कडेला होणारा कंडरांचा वेदनादायी विकार आहे. अंगठा पंज्यापासून दूर नेणाऱ्या आणि ताणून सरळ करणाऱ्या दोन कंडरा मनगटावर एका अरुंद बोगद्यातून जातात. या बोगद्याचे आवरण जाड झाले की कंडरांची सरकण्याची वाट आखडते आणि अंगठ्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर वेदना होते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये बराच अधिक आढळतो. साधारणतः तीस ते पन्नास या वयोगटात, तसेच गरोदरपणाच्या अखेरीस व बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत त्याचे प्रमाण विशेष असते. तो जिवावर बेतणारा नाही. मात्र दुर्लक्ष केल्यास पाण्याचा तांब्या उचलणे किंवा कुलपात किल्ली फिरवणे यांसारखी साधी कामेही अवघड होऊन बसतात.

नाव आणि इतिहास

स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेरवेन (1868–1940) यांनी 1895 मध्ये पाच रुग्णांच्या आधारे या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. नोबेल पारितोषिक विजेते थिओडोर कोचर यांच्यानंतर बर्न विद्यापीठातील शल्यचिकित्सेचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. गलग्रंथीच्या एका दाहालाही त्यांचेच नाव आहे. मूळ उच्चार ‘द केर्वें’ याच्या जवळ जाणारा असला, तरी रोमन वर्णांवरून केलेला ‘डी क्वेरवेन’ हाच उच्चार मराठीत अधिक ओळखीचा आहे. विकार मात्र त्यापूर्वीही ठाऊक होता. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथाच्या 1893 च्या आवृत्तीत धोबिणींच्या मनगटाची लचक अशा अर्थाच्या नावाने त्याचा उल्लेख आहे. ओले, जड कपडे पिळताना मनगट व अंगठा यांवर पडणारा पीळ पाहता हे नाव अन्वर्थक म्हणावे लागेल.

वैद्यकीय लेखनात या विकाराला पुष्कळदा ‘कंडरावरणशोथ’ म्हटले जाते. शोथ म्हणजे दाह. परंतु शस्त्रक्रियेत काढलेल्या आवरणाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली असता दाहाच्या पेशी फारशा आढळत नाहीत. आवरणाचे जाड होणे आणि त्यातील तंतूंचा अपक्षय हेच प्रामुख्याने दिसते. त्यामुळे ‘शोथ’ ही संज्ञा रूढ असली तरी नेमकी नाही, आणि म्हणूनच येथे ‘विकार’ हा शब्द योजला आहे.

शरीररचना

मनगटाच्या मागील बाजूस एक आडवा, चिवट पट्टा असतो. त्याच्याखाली सहा कप्पे असून हात व बोटे ताणणाऱ्या कंडरा त्यांतून जातात. अंगठ्याच्या कडेचा पहिला कप्पा रेडियस या हाडाच्या टोकावरील उंचवट्याला लागून असतो. सुमारे दोन सेंटिमीटर लांबीच्या या कप्प्यातून ॲबडक्टर पॉलिसिस लाँगस आणि एक्स्टेन्सर पॉलिसिस ब्रेव्हिस या स्नायूंच्या कंडरा जातात. अंगठा ताणून धरला असता त्याच्या मुळाशी जी खळगी दिसते, तिची एक कड याच कंडरांनी बनलेली असते. पूर्वी या खळगीत तपकिरीची चिमूट ठेवून ती ओढत असत, म्हणून पाश्चात्त्य शरीरशास्त्रात तिला तपकिरीच्या डबीचे नाव मिळाले आहे.

उपचारांच्या दृष्टीने एक बारकावा महत्त्वाचा आहे. पुष्कळ व्यक्तींत या कप्प्याचे एका पडद्याने दोन भाग झालेले असतात आणि दोन्ही कंडरा स्वतंत्र खोबणींतून जातात. ॲबडक्टर पॉलिसिस लाँगसची कंडराही अनेकदा एकसंध नसून तिच्या दोन किंवा अधिक दोऱ्या असतात. इंजेक्शनाचा गुण का येत नाही, किंवा शस्त्रक्रियेनंतरही दुखणे का उरते, याचे उत्तर अनेकदा या रचनाभेदात सापडते.

कारणे

विकाराचे एकच निश्चित कारण सांगता येत नाही. अंगठा ताणलेला ठेवून मनगट करंगळीकडे वाकवण्याची क्रिया वारंवार करणाऱ्यांना तो जडतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. कपडे पिळणे, कणीक तिंबणे, खुरपणी, शिवणकाम, तसेच मोबाईलवर अंगठ्याने सतत लिहिणे ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. तथापि ही कामे विकार उत्पन्न करतात की आधीच सुरू झालेला विकार उघडकीस आणतात, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. संधिवाताभ आजाराच्या रुग्णांतही तो आढळतो.

बाळंतिणींमध्ये शरीरातील संप्रेरकांचे बदल आणि बाळ उचलण्याची पद्धत अशी दोन्ही कारणे संभवतात. बाळाच्या काखेत दोन्ही हात घालून, अंगठे बाजूला ताणून त्याला वर उचलले की सारा भार याच दोन कंडरांवर येतो. पाजताना बाळाचे डोके मुडपलेल्या मनगटावर तोलून धरण्यानेही तेच होते. घरोघरी हे दुखणे ‘बाळंतवात’ म्हणून खपवले जाते, आणि दुखऱ्या जागी जोरकस मालीश करून ते वाढवले जाते.

लक्षणे

मनगटाच्या अंगठ्याकडील हाडाच्या उंचवट्यावर दुखणे व दाबल्यास कळ येणे हे प्रमुख लक्षण होय. चिमटीत वस्तू धरताना, बाटलीचे झाकण उघडताना किंवा कपडे पिळताना वेदना वाढते आणि अंगठ्यात किंवा कोपराच्या दिशेने पसरते. त्या जागी सूज किंवा लहानशी गाठ जाणवते. क्वचित अंगठा हलवताना करकर किंवा अडखळल्यासारखे वाटते.

निदान

निदान बहुतांशी रुग्णाचे म्हणणे ऐकून व हात तपासून होते. त्यासाठीची सर्वांत परिचित चाचणी न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक हॅरी फिंकेलस्टाइन यांच्या नावे असून ती 1930 मधील आहे. तीत तपासणारा रुग्णाचा अंगठा आपल्या हातात धरून मनगट झटकन करंगळीकडे वळवतो. उंचवट्यावर तीव्र कळ उठली तर विकाराची शक्यता बळावते. अंगठा स्वतःच्याच मुठीत मिटून मनगट खाली वाकवण्याची जी कृती फिंकेलस्टाइन चाचणी म्हणून सर्रास दाखवली जाते, ती वस्तुतः आयकहॉफ यांची असून 1927 मधील आहे. ही गफलत कित्येक पाठ्यपुस्तकांतही शिरली आहे. फरक केवळ नावापुरता नाही. आयकहॉफ यांच्या पद्धतीने निरोगी माणसालाही ताण व वेदना जाणवू शकते, त्यामुळे घरच्या घरी मूठ वाकवून केलेले निदान चुकण्याचा संभव बराच असतो. दुसऱ्या हाताशी तुलना करणे त्यासाठी आवश्यक ठरते.

याच जागी दुखणारे इतर विकारही आहेत. अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज झाल्यास वेदना उंचवट्याच्या थोडी पुढे, सांध्यावर असते. मनगटाच्या काही सेंटिमीटर वर, हाताच्या मागील बाजूस दुखत व करकरत असेल तर दोन स्नायूगट एकमेकांना ओलांडतात तेथील घर्षणाचा विचार करावा लागतो. जळजळ किंवा मुंग्या येत असतील तर त्वचेलगतची संवेदी नस दबल्याची शंका येते. यांत सर्वांत न चुकवण्याजोगी बाब म्हणजे हात टेकून पडल्यानंतर तपकिरीच्या खळगीत होणारे दुखणे. तेथील स्कॅफॉइड हाडाचा अस्थिभंग पहिल्या क्ष-किरण चित्रात कधी कधी दिसत नाही, आणि ‘लचक’ समजून सोडून दिल्यास हाड न जुळण्याचा धोका असतो. डी क्वेरवेन विकारासाठी मात्र एरवी क्ष-किरण चित्राची गरज नसते. सोनोग्राफीत जाड झालेले आवरण आणि कप्प्यातील पडदा पाहता येतो.

उपचार

पहिला उपचार म्हणजे वेदना देणारी हालचाल थांबवणे. त्यासाठी मनगट आणि अंगठा या दोहोंना आधार देणारी पट्टी काही आठवडे वापरतात. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या मनगटपट्टीने अंगठा मोकळाच राहतो, त्यामुळे तिचा फारसा उपयोग होत नाही. बर्फाचा शेक व वेदनाशामक औषधे यांनी तात्पुरता आराम पडतो. गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी, तसेच मूत्रपिंडाचा किंवा जठरव्रणाचा त्रास असणाऱ्यांनी ही औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. बाळाला उचलताना तळवे वर ठेवून एक हात त्याच्या बुडाखाली व दुसरा पाठीखाली घातल्यास अंगठ्यावरील ताण कमी होतो. बाळंतपणानंतर उद्भवलेला विकार पुष्कळदा काही महिन्यांत, विशेषतः स्तनपान थांबल्यावर, आपोआप ओसरतो.

एवढ्याने गुण न आल्यास आवरणाच्या आत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. बहुसंख्य रुग्णांना एका किंवा दोन इंजेक्शनांत बरे वाटते. कप्प्यात पडदा असल्यास औषध एकाच भागात राहते, म्हणून काही ठिकाणी सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई टोचली जाते. मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा इंजेक्शनानंतर काही दिवस वाढलेली राहू शकते. टोचल्या जागी त्वचा फिकी पडणे व त्वचेखालची चरबी कमी होऊन खळगा दिसणे हे ज्ञात दुष्परिणाम असून सावळ्या वर्णावर ते अधिक उठून दिसतात. हा पांढरा डाग म्हणजे कोड नव्हे. बहुधा काही महिन्यांत त्वचेचा रंग पूर्ववत होतो. ही कल्पना रुग्णाला आधीच दिली नाही तर, विशेषतः तरुण मुलींच्या घरी, विनाकारण घबराट उडते.

दीर्घकाळ उपाय करूनही वेदना राहिल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. केवळ हात बधिर करून, लहानशा छेदातून पहिल्या कप्प्याचे छत उघडले जाते. पडदा असल्यास दोन्ही खोबणी मोकळ्या कराव्या लागतात. एक राहून गेली तर दुखणे कायम राहते. छेदाजवळून जाणारी संवेदी नस जपणे हे या शस्त्रक्रियेतील नाजूक काम होय. तिला इजा झाल्यास अंगठ्याच्या मागील भागात बधिरता किंवा मूळ विकाराहून त्रासदायक अशी झोंबणारी वेदना मागे राहते. छत तळव्याच्या बाजूने फार कापले गेल्यास मनगट वाकवताना कंडरा जागा सोडून पुढे निसटतात. रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो. अंगठ्याची हलकी हालचाल लवकरच सुरू केली जाते, टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात, आणि कपडे पिळण्यासारख्या जोराच्या कामांना त्यानंतर आणखी काही आठवडे जावे लागतात.