वर्गात आलेले रान

पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) शाळांपासून हे ठिकाण जेमतेम ५० किलोमीटरवर. तरीही मुलांना तेथे नेणे म्हणजे बसभाडे, पालकांची संमती, मुख्याध्यापकांची परवानगी आणि पाण्याच्या काठावर ६० मुलांवर दोन शिक्षकांची नजर. त्यामुळे सहल बहुधा वेरूळला जाते. अभयारण्यातील वनरक्षकानेच पडद्यावरून वर्गात यावे, ही कल्पना म्हणूनच मनाला पटते. अमेरिकेतील काही राष्ट्रीय उद्यानांचे रेंजर आज असे पाठ घेतात. हे सारे संगणकामुळे आले असे आपण समजतो. पण दूरच्या रानातला माणूस वर्गात आणण्याच्या खटपटीला नव्वद वर्षे उलटून गेली आहेत.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९३१ साली विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावरून शाळांसाठी पाठ सुरू झाले. त्यात १९३३ पासून वेकलिन मॅक्नील नावाचे गृहस्थ निसर्गाचा पाठ घेऊ लागले. मुले त्यांना ‘रेंजर मॅक’ म्हणत. हा पाठ १९५४ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ चालला. खेड्यातील एकशिक्षकी शाळांमध्ये मुले रेडिओभोवती बसत.

चित्र नाही, फळा नाही, फक्त आवाज! एवढ्यावर निसर्ग कसा शिकवायचा? आम्हाला वाटते, चित्र नसणे हेच त्या पाठाचे बळ होते. कोंब कसा फुटतो हे आवाजातून दाखवता येत नाही. तेव्हा मुलांना बाहेर जाऊन पाहण्यावाचून गत्यंतर नसे. शिक्षकांना मार्गदर्शिका आधीच मिळे. रेडिओ बंद झाला की उरलेला पाठ बाईंच्या किंवा गुरुजींच्या हाती असे आणि तो शाळेच्या अंगणात होई.

रेडिओ आपल्याकडेही लवकर आला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या केंद्रांवरून १९३७ साली शाळांसाठी कार्यक्रम सुरू झाले. औरंगाबादला तर निजामाच्या राजवटीतच रेडिओ केंद्र होते; हैदराबादच्या केंद्राबरोबर तेही १९५० साली आकाशवाणीकडे आले.

पुढची उडी थेट अंतराळात. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने ‘साइट’ हा प्रयोग केला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवले गेले. छतावर तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तबकडी असे. सकाळी शाळेतील मुलांसाठी कार्यक्रम आणि संध्याकाळी गावासाठी. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. सोलापूरच्या शेजारचे विजापूर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे जिल्हे होते, म्हणजे उपग्रहाचा पाठ मराठवाड्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबला!

शिक्षकांच्या दृष्टीने या प्रयोगातील एक भाग फार महत्त्वाचा, आणि नेमका तोच आज कमी आठवला जातो. सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण याच मार्गाने दिले गेले. त्यात दूरचित्रवाणीबरोबर रेडिओ, छापील साहित्य आणि हाताने करायचे प्रयोगही होते. मात्र मुलांच्या सकाळच्या कार्यक्रमांत एक मोठी उणीव राहिली. पडदा बोले, मुले ऐकत. पण मुलाने विचारलेला प्रश्न उपग्रहाकडे परत जात नसे. त्याचे उत्तर शिक्षकानेच द्यायचे, आणि ते त्याला ठाऊक असेलच असे नाही. वर्ष संपले, उपग्रह परत गेला.

१९८३ मध्ये इन्सॅट-१ ब आल्यावर महाराष्ट्राची पाळी आली. पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली आणि मराठीतून शालेय कार्यक्रम तयार होऊ लागले. २०१७ साली ही संस्था बंद करण्यात आली. भाषा आपली झाली, परंतु वाट एकेरीच राहिली.

प्रश्न परत पाठवण्याची सोय जगात कोठे आधी झाली याचे एक ठळक उदाहरण १९८९ चे आहे. ‘टायटॅनिक’चा सांगाडा शोधणाऱ्या रॉबर्ट बॅलार्ड यांनी ‘जेसन’ प्रकल्प सुरू केला. भूमध्य समुद्राच्या तळाशी यंत्रमानव फिरत असताना संग्रहालयांत बसलेली मुले ते दृश्य त्याच क्षणी पाहत आणि शास्त्रज्ञांना प्रश्न विचारत. भारतात २० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेला ‘एज्युसॅट’ हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह अशाच दुहेरी संवादासाठी होता. २०१० मध्ये तो निवृत्त झाला.

मग आला २०२० चा करोना. शाळा बंद, मुले घरात. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका दाखवली गेली. तिचा भर घरातील व परिसरातील वस्तू घेऊन करायच्या कृतींवर होता. रेंजर मॅकच्या रेडिओशी तिचे नाते आम्हाला अधिक जवळचे वाटते. कारण तीही मुलाला पडद्यापासून उठवत होती.

आज शहरातील बऱ्याच शाळांत पडदा आहे, शिक्षकाच्या खिशात फोन आहे, प्रश्न परत जाण्याची वाटही मोकळी आहे. नाथसागरचे जायकवाडी पक्षी अभयारण्य आणि कन्नडकडचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य ही दोन्ही १९८६ मध्ये घोषित झाली. तेथील वनरक्षकाला जे ठाऊक असते ते पुस्तकात नसते: आज पाणी कोठवर आहे, कोणते झाड यंदा उशिरा फुलले, पाणवठ्यावर पहाटे कोणाचे ठसे होते. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीत जमवलेले असेच ज्ञान पुस्तकांतून मराठी वाचकांपर्यंत आणले.

पडद्यावरच्या अशा पाठाला आमची एक अट राहील. नाथसागरच्या वनरक्षकाशी बोलणे ठरले, तर त्याच आठवड्यात मुलांनी दिल्ली दरवाज्याजवळच्या सलीम अली सरोवरावर किंवा हिमायत बागेत सकाळी अर्धा तास उभे राहून पक्षी मोजावेत. नावे आली नाहीत तर रंग, चोच आणि पाय लिहावेत. मग ती वही हातात धरून विचारावे, “साहेब, लांब पायांचा, पांढरा, काळ्या चोचीचा आम्ही चार वेळा पाहिला. तुमच्याकडे असतो का?”